नापास होण्याची तयारी

मिलवॉकी, १२ मार्च २०२३

लेम,

किल्ल्या देणार नाही.

तुझं कार्ड मिळालं. पुढे तुझ्या फेरीबोटीचं चित्र, मागे तीन ओळी. आई डॉक्टरांच्या परीक्षेत पास झाली आहे, तिचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा शाबूत आहे, तिच्या गाडीच्या किल्ल्या आजच्या आज परत कर. खाली सहीसुद्धा नाही. दोन वर्षांनी सख्ख्या भावाचं अक्षर बघायला मिळालं, ते असं. तेव्हा फोनवर मला ‘जेलर’ म्हणालास आणि माझा नंबरच बंद करून टाकलास. पत्राला तसं करता येत नाही. न उघडता फाडशील म्हणावं, तर तू पहिल्यापासूनचा भोचक.

तर परीक्षेचं सांगते. जानेवारीत आपल्या चर्चमध्ये इमानी नावाची मुलगी आली. विद्यापीठाच्या संशोधनासाठी माणसं जमवते. आपल्यातलीच आहे, बोलायला गोड आणि वागायला चिवट. प्रार्थना संपल्यावर खालच्या हॉलमध्ये तळलेल्या कोंबडीच्या शेजारीच तिने आपलं टेबल मांडलं. म्हणाली, हा विसरण्याचा आजार, अल्झायमर, आपल्या काळ्या लोकांना गोऱ्यांपेक्षा दुपटीने होतो, आणि नवी औषधं ज्यांच्यावर तपासतात त्यांच्यात आपले लोक शोधून सापडत नाहीत.

आईची सावली, मिस क्लिओरा, हातात ताट घेऊन तिथेच उभी. ती गप्प बसते की काय! “अगं बये, नाही सापडत तेच बरं. अलाबामात सापडली होती ना आपली माणसं. चाळीस वर्षं सरकारी डॉक्टर औषध न देता नुसते बघत बसले, कोण कसा मरतो ते.”

“खरंय,” इमानी म्हणाली. “म्हणूनच मी गोरा डॉक्टर न पाठवता स्वतः आले.”

आईने पांढरे हातमोजे काढून त्यांची नीट घडी घातली आणि विचारलं, “पोरी, आम्ही कोणी आलो नाही, तर ते औषध बेतणार कुणाच्या डोक्यावर?”

“त्यांच्या.”

“आणि गिळायचं आम्ही?”

“हो.”

“माझं नाव लिही,” आई म्हणाली.

एवढी साधी गोष्ट. त्यांना विसर नुकताच पडू लागलेली माणसं हवी होती. डॉक्टर हॅल्व्हर्सननी आईला प्रश्न विचारले, आणि आईला तीसपैकी एकोणतीस पडले. तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे, या औषधाची तुम्हाला गरज नाही, म्हणून त्यांनी तिला बाहेरचा रस्ता दाखवला. इतकी विसरभोळी बाई घरी आली आणि कोटसुद्धा न काढता तिने तुला फोन लावला, “लेम, मी पास झाले!” पुढचं तुला माहीत आहे.

एकोणतीस कसे पडले ते मला विचारू नकोस. मला ठाऊक नाही.

दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलते, तुझ्या जुळ्या मुलींची नावं घेते, तुझ्या गुडघ्याची चौकशी करते, म्हणून तू ठरवलंस की ती ठणठणीत आहे. दुरून डोंगर साजरे, लेम. इथे येऊन चार दिवस राहा. मग किल्ल्यांचं बोलू.

जोरेथा

मिलवॉकी, ३ एप्रिल

लेम,

तुझं उत्तर नाही. मला त्याची अपेक्षाही नव्हती. पण काल चर्चमध्ये जे झालं त्यानंतर ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ राहिला नाही. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं.

काल झावळ्यांचा रविवार. आई नेहमीसारखी पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घालून दारात उभी, येणाऱ्यांना जागा दाखवायला. तू चालायला शिकलास तेव्हापासून ती त्या दारात उभी राहते आहे. मिस क्लिओरा आली. आईने तिच्याकडे बघून छान हसून हात पुढे केला आणि म्हणाली, “या, या. आमच्याकडे पहिल्यांदाच आलात वाटतं?”

मिस क्लिओरा! जिने तुझं नाळ पडेपर्यंतचं सगळं केलं ती. मी मागेच होते. पण त्या बाईचा चेहरा इकडचा तिकडे झाला नाही. म्हणाली, “हो बाई, पहिल्यांदाच. कुठे बसू?” आईने तिला तिच्या रोजच्याच बाकावर नेऊन बसवलं, हातात झावळी दिली, “इथे सगळे प्रेमळ आहेत, काळजी करू नका,” असं वर सांगितलं. मिस क्लिओरा प्रार्थना संपेपर्यंत ताठ बसली. मग खाली स्वच्छतागृहात जाऊन नळ मोठा सोडून रडली. नळाच्या आवाजावरूनच मला कळलं.

आता किल्ल्यांचं. मी त्या का घेतल्या हे तुला कधी सांगितलं नाही, कारण आईने मला बायबलवर हात ठेवायला लावला होता. लेमला कळता कामा नये, हीच तिची अट. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, ती पहाटे गाडी काढून टपाल कार्यालयात गेली. कामावर. जिथून निवृत्त होऊन तिला पंधराएक वर्षं झाली तिथे. माझं कपाट कोणी बळकावलं म्हणून तिथल्या पोराशी भांडली. तो पोरगा भला, त्याने तिला कॉफी दिली आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा ती घरातल्या सपाता घालून पत्रं लावत बसली होती, आणि एकही चुकीच्या खणात टाकलं नव्हतं. मी गाडीच्या किल्ल्या घेतल्या. मग तिने रडत तुला फोन केला, आणि मी जेलर झाले.

आता एकोणतीसचं.

ती परीक्षा आईच्या आधी आपल्या चर्चमधल्या ओला मे हिने दिली होती, दुसऱ्या एका दवाखान्यात. त्या बाईने ते प्रश्न विसरायला हवे होते. तेवढ्याचसाठी तर तिला तिथे नेलं होतं. पण हे सगळं तिच्या ध्यानात राहिलं. मग काय, बुधवारी बायबलचा वर्ग सुटला की चर्चच्या तळघरात आईची शिकवणी. घड्याळ काढ, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. शंभरातून सात वजा, पुन्हा सात वजा. आजची तारीख, राष्ट्राध्यक्ष कोण. मग पाच शब्द : नदी, बटण, गाजर, शिट्टी, पिवळा. मिस क्लिओरा छडीसारखा चमचा घेऊन आईसमोर उभी. “वर्लीन, झोपलीस काय? गाजरानंतर काय?” आणि घरी सकाळी नाश्त्याला कोण घेत होतं माहीत आहे? मी. अंडी तळता तळता विचारायचे, “नदी, बटण?” आणि ती ओट्याशी उभी राहून म्हणायची, “गाजर, शिट्टी, पिवळा. मीठ जास्त झालंय.”

मला विचार, मी असं का केलं. तुला उत्तर माहीत आहे. मिसिसिपीतल्या त्या कारकुनाचा किस्सा तुला तोंडपाठ आहे, आपण दोघं त्यावरच वाढलो. आई एकवीस वर्षांची. मत द्यायचं तर आधी लेखी परीक्षा, आणि ती फक्त आपल्या लोकांना कठीण. तेव्हाही चर्चचं तळघर, तेव्हाही घोकंपट्टी, राज्यघटनेची कलमंच्या कलमं. तिने सगळं बरोबर लिहिलं. कारकुनाने कागद वाचलासुद्धा नाही, खणात सरकवला आणि म्हणाला, नापास. तिने विचारलं, कुठे चुकलं ते दाखवा. तो म्हणाला, दाखवायचं नसतं. कायदा बदलला तेव्हा कुठे यादीत तिचं नाव लागलं. तेव्हापासून आपल्या घरात टेबलामागे बसलेल्या गोऱ्या माणसासमोर तयारी न करता कोणी गेलेलं नाही. तू फेरीच्या नोकरीला गेलास तेव्हा बाबांनी तुझी आठवडाभर उलटतपासणी घेतली होती, आठवतं?

आम्हाला वाटलं हीही तसलीच परीक्षा. चुकलो तर काहीतरी काढून घेतील. तिची जागा गेली ती बरोबर उत्तरांमुळे, हे आम्हाला इमानीने सांगितलं तेव्हा कळलं. मी तिला खरं सांगून टाकलं. ती रागावली नाही. डोक्याला हात लावून म्हणाली, “माझी आजीही असंच करायची.”

तिने डॉक्टरांशी भांडून एक सोय केली आहे. सप्टेंबरात आईला पुन्हा बोलावतील, प्रश्न वेगळे असतील. एकच संधी. पुन्हा घोकून गेली तर बाद. आणि तोवर जास्त घसरली तरी बाद, कारण ते औषध सुरुवातीच्या लोकांसाठीच आहे. आणि आईला काय म्हटलं तरी पटत नाही. काल रात्रीच जेवताना म्हणाली, “मी त्या माणसासमोर बसून ‘येत नाही’ म्हणू? त्यासाठी नाही माझ्या आईने मला वाढवलं.” झाकली मूठ ती उघडणार नाही. माझ्यासाठी नाही, मिस क्लिओरासाठीही नाही. तुझं ऐकेल कदाचित, पण तुझ्यापासून तर तिने सगळ्यात जास्त लपवलंय.

आणि लपवायला मीच मदत करते. रविवारी ती तुझ्याशी बोलते तेव्हा मी समोरच्या खुर्चीत असते. आवाज न करता नुसत्या ओठांनी तिला सांगते, मुलींची नावं, तुझा गुडघा, तुझ्याकडे पाऊस आहे म्हणून. ती माझ्या तोंडाकडे बघत बोलते. दोन वर्षं तू आईशी कमी आणि माझ्याशीच जास्त बोलला आहेस, लेम.

येत्या रविवारी ईस्टर. मी त्या खुर्चीत नसेन. ती चुकेल. तू दुरुस्त करू नकोस, आणि फोन ठेवू नकोस. एवढंच मागते.

जोरेथा

१० एप्रिल

लेम,

काल माझा फोन वाजला आणि त्यावर तुझं नाव आलं. तूही काही बोलला नाहीस, मीही नाही. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला, तुझा की माझा कोण जाणे. तोंडाने जमलं नाही म्हणून लिहिते.

मी मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. सुरुवातीला ती हसत होती, ईस्टरच्या टोप्यांबद्दल काहीतरी सांगत होती. मग तू काहीतरी विचारलंस, मुलींचंच असणार, आणि तिने मान वळवून माझ्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. ती त्या खुर्चीकडे बघतच राहिली, लेम. माझे पाय दाराकडे निघाले होते. मी डब्याचं झाकण धरून उभी राहिले. मग तिने अगदी हळू विचारलं, “बाळा, तू कोण बोलतोयस?”

तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही, आणि मला ते सांगूही नकोस. पण ती बराच वेळ फोन कानाशी धरून ‘हं, हं’ करत होती. मी आत आले तेव्हा म्हणाली, “कुणीतरी भला माणूस होता. रडत होता बिचारा. मी म्हटलं, आमच्या चर्चला ये, मी जागा देते.”

आज सकाळी मात्र म्हणाली, “लेमचा फोन नाही आला का गं?” असं आहे. येतं आणि जातं.

तू सप्टेंबरात रजा टाकतो आहेस, असं तुझ्या निरोपात वाचलं. वरची खोली झाडून ठेवते. पलंग तोच आहे, तुझे पाय बाहेर येतील.

जोरेथा

मिलवॉकी, १ ऑक्टोबर

लेम,

तू परत घरी पोचल्याचं आईला सांगितलं. “कोण पोचलं?” म्हणाली, आणि भांडी विसळून झाल्यावर आपणहून म्हणाली, “त्याला म्हणावं, थंडीत बोटीच्या टोकाला उभा राहू नकोस.” तेव्हा हा निरोप पोचता करते.

आधी बातमी. इमानीचा फोन आला, आईचं नाव लागलं. रक्त, मेंदूचा फोटो, सगळं त्यांना हवं तसं निघालं. हवं तसं म्हणजे वाईट, हे मला कळतं. फोन ठेवल्यावर मी आधी हसले आणि मग पायरीवर बसून रडले. पुढच्या आठवड्यापासून तिला सलाईनमधून औषध. काहींना औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी, कोणाला काय ते कोणालाच सांगत नाहीत, डॉक्टरांनाही माहीत नसतं म्हणे. मिस क्लिओरा म्हणाली, “पाणी तर पाणी. पुढच्या पोरींना औषध तरी कळेल.” आणि लगेच इमानीला विचारलं, माझं नाव घेता का. तिला बिचारीला सगळं आठवतं, म्हणून घेत नाहीत. तेव्हापासून फुरंगटून बसली आहे.

तू पुढच्या ओसरीवर आईबरोबर चवळीच्या शेंगा सोलत बसायचास, त्याच शेंगांनी हे घडवलं. मी जाळीच्या दारामागून ऐकत होते.

“आई, मिसिसिपीत तू सगळं बरोबर लिहिलंस, तर त्यांनी काय केलं?”

“नापास केलं मेल्यांनी.”

“आणि या डॉक्टरला सगळं बरोबर सांगितलंस, तर त्याने काय केलं?”

“घरी पाठवलं.”

“म्हणजे बरोबर उत्तरं देऊन तू दोन्ही वेळा दाराबाहेरच. मग एकदा येत नाही म्हणून बघ की. काय सांगावं, आत घेतील.”

आणि तिने शेंग फेकून मारली तुला, “बापाची जीभ आहे मेल्याला!” दुसऱ्या दिवशी ती हे सगळं विसरली. तू पुन्हा विचारलंस, पहिल्यापासून, आणि पुन्हा शेंगेचा मार खाल्लास. रोज. तेवढे दिवस मी कधी तुला कंटाळलेलं पाहिलं नाही. नापास होण्याची अशी तयारी कोणी कुणाकडून करून घेतली नसेल. तुला मी मनात किती शिव्या घातल्या होत्या दोन वर्षांत, त्या सगळ्या परत घेते. एकदोन ठेवते.

आता जे तुला माहीत नाही ते. परीक्षेच्या दिवशी तू बाहेर बाकावर होतास. ती बाहेर आल्यावर तू तिला विचारलंस, पेपर कसा गेला, ती म्हणाली, “नापास!” आणि तुम्ही दोघं खिदळलात. आत काय झालं ते लेमला सांगू नकोस, असं तिने मला गाडीत हळूच कानात बजावलं होतं. पण संध्याकाळपर्यंत ती बजावलेलं विसरली, आणि मला ते एकटीला पेलत नाही.

मला मागे भिंतीशी बसू दिलं होतं, तोंड उघडायचं नाही या बोलीवर. आईने पांढरे मोजे घातले होते, तू पाहिलेच. डॉक्टरांनी विचारलं, आज तारीख काय? तिने वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. सवयीने. माझे ओठ हलायला लागले होते, लेम, खरं सांगते. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि जमिनीकडे बघितलं.

मग खुर्ची करकरली. मी वर पाहिलं तर ती पुढे वळून ताठ बसली होती, दारात उभी राहते तशी.

“मला ठाऊक नाही,” आई म्हणाली.

“साधारण अंदाज सांगा,” डॉक्टर म्हणाले. तसे सभ्य आहेत ते.

“अंदाज नको. ठाऊक नाही असं लिहा.”

त्यांनी लिहिलं आणि पुढचा प्रश्न काढला. ती म्हणाली, “लिहिलंत?”

“हो.”

“दाखवा.”

मला वाटलं ते म्हणतील, दाखवायचं नसतं. त्यांनी जरा इमानीकडे पाहिलं, आणि कागद फिरवून तिच्यासमोर ठेवला. आईने पर्समधून चष्मा काढला, काचा पुसल्या आणि ती एक ओळ बोट ठेवून वाचली. मग कागद त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाली, “हं. विचारा आता काय विचारायचं ते.”

मग भराभर झालं. घड्याळ आलं नाही. सातची वजाबाकी एकदा आली. शब्द एकही नाही. दर वेळी तेच, “ठाऊक नाही, लिहा,” आणि आवाज जराही पडला नाही. शेवटी ते घरच्यांबद्दल विचारायला लागले. मुलं किती?

“दोन.”

“नावं सांगता?”

मी पुन्हा तोंड दाबलं. ती खूप वेळ मोज्यांकडे बघत राहिली. एकदा तिचे ओठ हलले, मला वाटलं आलं, पण नाही आलं.

“नावं त्यांनाच विचारा,” ती म्हणाली. “एक ही मागे बसली आहे तोंड दाबून. एक बाहेर बसलाय. दोघं आलेत. ते लिहा.”

किल्ल्या अजून माझ्याकडेच आहेत.

जोरेथा